शनिवारच्या शिपायांची सकाळ: हार्टलपूल, 16 डिसेंबर 1914

गोलंदाज म्हटलं की आज आपल्याला बुमराह आठवतो पण मूळ शब्द तोफेवरच्या माणसाचा आहे, गोळा टाकणारा तो गोलंदाज. हे प्रकरण त्या जुन्या अर्थाच्या गोलंदाजांचं आहे, आणि तेही हौशी गोलंदाजांचं. म्हणजे आठवडाभर जहाजाच्या कारखान्यात, रेल्वेत, ऑफिसात नोकरी करणार, आणि संध्याकाळी नाहीतर शनिवारी तोफेवर कवायत करणार. इंग्लंडमध्ये अशा लोकांना थट्टेने शनिवार रात्रीचे शिपाई म्हणायचे. तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल या बंदराच्या गावात अशा एका तुकडीवर, डरहॅम रॉयल गॅरिसन आर्टिलरी तिचं नाव, एका सकाळी जर्मनीच्या तीन मोठ्या युद्धनौका चालून आल्या, साधारण चाळीस मिनिटं तोफा चालल्या आणि शंभराहून जास्त माणसं मेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या तोफांनी शत्रूच्या मोठ्या जहाजांशी समोरासमोर लढायची वेळ फक्त इथे आली. अख्ख्या देशात किनाऱ्याला तोफा लावून ठेवलेल्या, बंदरोबंदरी, त्यातल्या बहुतेक चार वर्षं समुद्राकडे तोंड करून नुसत्या बसून राहिल्या, आणि ज्यांच्यावर वेळ आली ते निघाले पार्ट-टाइमवाले.

मला यात रस का वाटला ते आधीच सांगतो. पार्ट-टाइम माणूस म्हणजे कच्चा असं आपण धरून चालतो, गणपतीच्या बंदोबस्तातला होमगार्ड बघून लोक काय काय बोलतात ते ऐकलंय ना. आणि दुसरीकडे अशा प्रसंगांच्या गोष्टी सांगताना एकदम उलटं टोक, शूर वीर, छातीचा कोट वगैरे. मला दोन्ही पटत नाही. हे प्रकरण नीट उलगडून बघितलं तर दिसतं असं की त्या सकाळी ज्या ज्या गोष्टीची शंभरदा तालीम झालेली होती ती गोष्ट चालली, आणि जिची तालीमच कधी झाली नव्हती ती कोसळली, मग ती करणारा फुलटाइम असो की पार्ट-टाइम.

ही माणसं आली कुठून

1859 साली ब्रिटनमध्ये फ्रान्सच्या स्वारीची भीती पसरली होती. तिसरा नेपोलियन गादीवर, त्याने नवीन चिलखती जहाज बांधायला घेतलेलं, आणि ब्रिटनचं कायमचं सैन्य निम्मं इकडे आपल्या हिंदुस्थानात अडकलेलं कारण सत्तावनचा उठाव नुकताच झालेला. मग सरकारने गावोगावच्या लोकांना परवानगी दिली की तुम्ही तुमच्या स्वयंसेवक तुकड्या काढा. आतल्या गावांनी बंदुकवाले काढले, किनाऱ्यावरच्या गावांनी तोफखाना काढला. सुरुवातीला युनिफॉर्म स्वतःच्या पैशाने, तोफा मात्र सरकारच्या. डरहॅम जिल्ह्याच्या किनाऱ्यावरही अशा तुकड्या निघाल्या, हार्टलपूलचीही एक होती. हार्टलपूलच्या टोकाला, हेडलँड म्हणतात त्या जुन्या गावाच्या कड्यावर, ह्यूफ बॅटरी नावाचा तोफांचा चौथरा बांधला तो 1860 चा. 

जाता जाता, हे तेच गाव जिथे नेपोलियनच्या काळात वाहून आलेल्या एका माकडाला फ्रेंच हेर समजून फाशी दिलं अशी दंतकथा आहे. खरी असो खोटी असो, गाववाल्यांना आजही त्यावरून चिडवतात आणि त्यांनी ती चिडवाचिडवी आता अभिमानाने मिरवायला घेतलीय. समुद्राकडून कोणीतरी येणार ही भीती त्या गावाच्या हाडात होती एवढंच मला यातून म्हणायचंय.

पुढची पन्नास वर्षं फार काही घडलं नाही त्यामुळे भरभर पुढे जाऊ. 1908 ला हाल्डेन या युद्धमंत्र्याने सगळ्या स्वयंसेवक तुकड्या एका छत्राखाली आणल्या, टेरिटोरियल फोर्स असं नाव दिलं. चार वर्षांची भरती, वर्षातून पंधरा दिवसांचा कॅम्प, बाकी संध्याकाळची कवायत. देशाबाहेर पाठवायचं नाही, स्वतःहून तयार झालात तर गोष्ट वेगळी. आपली प्रादेशिक सेना, म्हणजे धोनीला मानद लेफ्टनंट कर्नल केलं ती टेरिटोरियल आर्मी, कल्पना म्हणून त्याच जातीची. डरहॅमच्या या गोलंदाजांना काम दिलेलं होतं ते किनारा सांभाळायचं, म्हणजे यांची तोफ कुठे फिरत नाही, घोडे नाहीत, कूच नाही, एकच चौथरा, एकच समुद्र, समोरचा तोच खडक, पाण्यावर तरंगणारी तीच खुणेची बोय, वर्षानुवर्षं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी नाहीतर कोणीतरी विचारेलच. ऑगस्ट 1914 ला युद्ध सुरू झालं तेव्हा ही सगळी मंडळी कामावर बोलावली गेली होती, त्यामुळे डिसेंबरपर्यंत चार महिने ती पूर्णवेळच तोफेवर होती. तरी चार महिन्यांनी माणूस पेशाचा सैनिक होत नाही, आणि मुख्य म्हणजे यातल्या कोणीच खऱ्या शत्रूवर एकही गोळा टाकलेला नव्हता.

त्या सकाळी कोणाकडे काय होतं

बचावाच्या बाजूला सहा इंची मार्क सात जातीच्या तीन तोफा. दोन ह्यूफ बॅटरीत शेजारी शेजारी, आणि एक जरा बाजूला दीपगृहाच्या पायथ्याशी, तिला लाइटहाउस बॅटरी म्हणायचे. गोळ्याचं वजन शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलोच्या आसपास. माणसं दीडशेच्या आसपास, वरती लेफ्टनंट कर्नल लॅन्सलॉट रॉबसन. या तोफा ठेवल्या होत्या त्या टॉर्पेडो बोटी, फारतर एखादं हलकं क्रूझर बंदरात घुसायला लागलं तर त्याला अडवायला. त्याहून मोठं काही आलं तर? त्याहून मोठं काही आलं तर नौदल बघून घेईल, असं सरळ गृहीत धरलेलं होतं.

आला तो हिपर नावाचा जर्मन अॅडमिरल. त्याच्या ताफ्यातली दोन जहाजं स्कारबरो आणि व्हिटबीकडे गेली, आणि तीन हार्टलपूलकडे आली, झायडलिट्झ, मोल्टके आणि ब्लूखर. झायडलिट्झ आणि मोल्टके या दोघींवर प्रत्येकी दहा तोफा अठ्ठावीस सेंटिमीटरच्या, त्यांचा एक गोळा तीनशे किलोचा. ब्लूखरवर बारा तोफा एकवीस सेंटिमीटरच्या. वर तिघींच्या मिळून पंधरा सेंटिमीटरच्या बत्तीस तोफा, म्हणजे नुसती ही दुय्यम म्हणवणारी तोफच गावाच्या तोफेच्या बरोबरीची आणि ती बत्तीस. झायडलिट्झच्या अंगावर जाड जागी तीनशे मिलिमीटर पोलाद, मोल्टकेवर दोनशेसत्तर, ब्लूखरवर एकशेऐंशी. सहा इंची गोळा तिथे आदळला तर वाजेल, आत जाणार नाही. गलबताला गुलेल मारल्यासारखं.

बंदरात नौदलही होतं बरं का. पट्रोल आणि फॉरवर्ड ही दोन हलकी क्रूझरं, सी-नाइन नावाची एक पाणबुडी, आणि चार डिस्ट्रॉयर म्हणजे छोट्या वेगवान युद्धनौका. डिस्ट्रॉयर पहाटे गस्तीला बाहेर पडले होते पण समुद्र खवळलेला, बंदराच्या तोंडाशी वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा फुटत होत्या म्हणून क्रूझरं आणि पाणबुडी आतच थांबली. पूर्णवेळ नौदल धक्क्याला बांधलेलं आणि कारकून-फिटर मंडळी तोफेवर उभी, अशी ती मांडणी.

आणि एक चौथी गोष्ट होती, खबर. लंडनला अॅडमिरल्टीत, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयात, रूम फोर्टी म्हणून एक खोली होती तिथे जर्मन बिनतारी संदेश फोडायचे. त्यांना कळलं होतं की हिपरची जहाजं बाहेर पडणार, नेमकी कुठे जाणार ते कळलं नव्हतं, आणि मागे अख्खा जर्मन आरमारी ताफाही येतोय हे तर अजिबातच नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या लष्कराला आदल्या रात्री निरोप गेला की उद्या पहाटे पूर्व किनाऱ्यावर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवा, आणि ही गोष्ट होता होईल तो गुप्त ठेवा. रॉबसनने त्याप्रमाणे माणसं उजाडायच्या आत तोफेवर उभी केली. गावाला कोणी काही सांगितलं नाही. सांगायचं नव्हतंच.

इथे क्षणभर थांबा. फोडलेला सांकेतिक संदेश शत्रूला कळू नये म्हणून गुप्तता हे समजतं, पण त्याचा परिणाम असा की गावात फक्त तोफवाल्यांनाच माहीत होतं काहीतरी होऊ शकतं, आणि त्यांच्याच बायकापोरं पाचशे पावलांवर, मुलांचे शाळेचे डबे भरत होती.

आठ दहा

आठच्या सुमारास धुक्यातून तीन मोठी जहाजं वेगाने येताना दिसली. पहिला अंदाज सगळ्यांचा एकच, आपलीच असणार. एवढी मोठी जर्मन जहाजं इथे येतील हे डोक्यातच बसत नव्हतं. मग आठ दहाच्या आसपास पुढच्या जहाजाने तोफ डागली.

पहिला गोळा ह्यूफ बॅटरीच्या लगेच शेजारी पडला. त्याने दोन कामं केली. एक, शेजारी उभे असलेले सैनिक मारले, आणि त्यांना उचलायला तोफवाल्यांपैकी दोघं धावले तर पुढच्या गोळ्याने तेही गेले. मेलेल्यांत डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या अठराव्या बटालियनचे लोक होते, ही तर अजून ट्रेनिंगमधली, मित्रांनी मित्रांसोबत भरती व्हायचं तसली नवीकोरी पलटण. त्यांच्यातला थिओफिलस जोन्स हा शाळामास्तर, वय 29. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या जमिनीवर शत्रूच्या माऱ्यात मेलेला पहिला सैनिक म्हणून आज त्याच्या नावाची पाटी तिथे आहे.

दुसरं काम म्हणजे टेलिफोनच्या तारा तुटल्या. आणि अभ्यास म्हणून बघायला गेलं तर मला हाच क्षण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण कागदावर व्यवस्था अशी असते की वरती एक कमांड पोस्ट, तिथून अधिकारी ठरवणार कोणत्या तोफेने कोणतं जहाज घ्यायचं, अंतर किती, गोळ्याचा प्रकार कोणता, मग फोनवर खाली सांगणार. पहिल्याच मिनिटाला हा सगळा कागद फाटला. आता तोफेवरच्या सार्जंटने स्वतः बघायचं, स्वतः ठरवायचं. आणि नेमकं हेच ते करू शकले, कारण समोरचा समुद्र त्यांना पाठ होता. ह्यूफच्या दोन्ही तोफांनी पुढची दोन जहाजं घेतली, लाइटहाउसच्या तोफेने मागची ब्लूखर. जहाजं चार-पाच हजार यार्डांवर, म्हणजे जेमतेम चार किलोमीटर, त्यांच्या मानाने अगदी दारातच. धूर आणि धूळ इतकी की मधूनमधून काही दिसेना, मग पुढच्या जहाजांना सोडून तिसऱ्याकडे, परत दिसलं की परत तिकडे, असं चाललेलं.

चिलखत फुटणार नाही हे कळल्यावर त्यांनी नेम वर घेतला, जहाज जिथून चालवतात तो ब्रिज, उघड्यावरच्या तोफा, डेकवरची माणसं. माझ्या मते त्या सकाळचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. कवायतीत त्यांना टॉर्पेडो बोटीवर मारायला शिकवलेलं, इथे समोर तरंगता डोंगर, पण कुठे मारलं तर दुखेल हे त्यांनी जागेवर ठरवलं. ब्लूखरवर सगळ्यात जास्त गोळे बसले, तिच्या दोन छोट्या तोफा निकामी झाल्या आणि नऊ खलाशी मेले. झायडलिट्झवर तीन, मोल्टकेवर एक.

लाइटहाउस बॅटरीची भानगड वेगळीच. ती तोफ जिथे होती तिथे दीपगृहाचा दगडी मनोरा तिच्या माऱ्याच्या आड यायचा, आणि ब्लूखर सरकत सरकत बरोबर त्या आडोशाला आली. म्हणजे शत्रू समोर, तोफ भरलेली, आणि मधे स्वतःचंच दीपगृह उभं! वर तिथे मिसफायर झाला. या जातीच्या तोफेत आधी गोळा, मागून कॉर्डाइट या तोफेच्या दारूची रेशमी पिशवी, मग ब्रीच म्हणजे तोफेचं मागचं झाकण बंद, आणि छोट्या नळीतून ठिणगी द्यायची. बत्ती दिली आणि बार झालाच नाही तर नियम असा की थांबायचं, कारण आत काहीतरी धुमसत असू शकतं आणि ब्रीच उघडल्यावर ते तोंडावर पेटू शकतं. सार्जंट डाउथवेटने थांबायच्या ऐवजी ब्रीच उघडून ती जिवंत पिशवी बाहेर काढली आणि तोफ परत चालू झाली. त्याला त्यासाठी डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मिळालं. हे कवायतीच्या पुस्तकात नाही, पुस्तकात उलट आहे. पण ब्रीच कशी उघडते, पिशवी कशी पकडायची, हे हाताला झोपेतही येत असल्याशिवाय कोणाची छाती होणार नाही असं मला वाटतं. धाडस आहेच, पण सवयीच्या पायावर उभं राहिलेलं.

आठ बावन्नला जहाजं वळली आणि धुक्यात गेली.

आता हिशोब बघू. जर्मनांनी टाकले साधारण अकराशे पन्नास गोळे, बेचाळीस मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सत्तावीस. तीन तोफांनी उत्तरादाखल टाकले 123. म्हणजे तोफेमागे एक्केचाळीस, मिनिटाला एक. हा काही विक्रमी वेग नाही, ही तोफ याहून जोरात चालू शकते, पण अर्धा वेळ समोर धूर, एका तोफेच्या आड मनोरा, शेजारी प्रेतं, आणि तरी मिनिटाला एक हा ठोका बेचाळीस मिनिटं सुटला नाही.

नौदलाचं काय झालं

हा भाग वाचताना वाईट वाटतं खरंतर. बाहेर गस्तीवरच्या चार डिस्ट्रॉयरना जर्मन जहाजं आधी दिसली, त्यांच्यावर गोळे पडायला लागले, आणि टॉर्पेडोचा पल्ला गाठेपर्यंत जवळ जाणं म्हणजे आत्महत्या, ते मागे फिरले. आत कॅप्टन ब्रूसने आपलं पट्रोल हे क्रूझर बाहेर काढायचा प्रयत्न केला, बंदराच्या तोंडाशीच तिला मोठे गोळे लागले, पाणी भरलं आणि ती जमिनीला टेकली. मागून पाणबुडी सी-नाइन निघाली, गोळे पडताहेत म्हणून बुडी मारायला गेली तर खाली पाणीच नाही, तळाला आपटली. फॉरवर्डचा काही उपयोग व्हायच्या आत सगळं संपलेलं.

यांना नालायक म्हणणं सोपं आहे पण चूक आहे, ब्रूस घाबरला नव्हता, तो बाहेर पडलाच की. चूक ही की मोठी जहाजं अचानक दारात आली, भरती-ओहोटीची वेळ नको ती, आणि बंदराच्या अरुंद तोंडातून माऱ्याखाली बाहेर पडायचंय, याचा सराव कोणी कधी केलेलाच नव्हता. नाहीतर लाटा फुटताहेत म्हणून रात्र धक्क्याला काढायची की नाही हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटला असता.

आणि तिकडे खुल्या समुद्रात बीटी आणि वॉरेंडर या अॅडमिरलांची मोठी ब्रिटिश जहाजं हिपरची परतीची वाट अडवून बसली होती, खबर होतीच ना, पण धुकं, पाऊस आणि निशाणांच्या संदेशांचा घोळ यात हिपर निसटला.

गावाचं काय झालं

इथे गोष्ट गौरवाची राहत नाही.

ह्यूफ बॅटरीच्या लगेच पाठीमागे हेडलँडची घरं आहेत, मधे मैदानही फारसं नाही. आणि जहाजं इतकी जवळ होती की गोळ्याची वाट जवळजवळ सपाट होती. अशा सपाट माऱ्यात गोळा एकतर बॅटरीच्या पुढच्या उतारावर आपटतो नाहीतर डोक्यावरून निघून जातो. डोक्यावरून गेला तर कुठे पडणार, मागच्या घरावर. शिवाय जर्मन गोळ्यांचे फ्यूज उशिराने फुटणारे, चिलखत भेदून आत फुटावं म्हणून, ते मातीवर आपटून न फुटताच टप्पा खाऊन उडत गावात गेले. म्हणजे तोफवाले वाचले त्याचं एक कारण आणि गाव भाजलं त्याचं एक कारण एकच आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून परत लिहिलं, पण आहे ते असंच आहे.

बंदराच्या पलीकडे वेस्ट हार्टलपूलवरही मारा झाला, गोदी, जहाजांचे कारखाने, रेल्वे, गॅसच्या टाक्या पेटल्या आणि गावचा गॅस गेला. सकाळी आठ म्हणजे पुरुष कामावर, मुलं शाळेच्या वाटेवर. आवाज ऐकून बऱ्याच जणांना वाटलं आपल्याच तोफांचा सराव चाललाय, काही तर बघायला बाहेर आले. मग कळल्यावर लोक मिळेल ते उचलून आतल्या गावांकडे पळाले, जर्मन उतरले अशी अफवा पुढे पुढे.

लगेचच्या नोंदीत 86 नागरिक मेलेले आणि 424 जखमी, सैनिक 7 मेलेले. नंतर जखमांनी गेलेले धरत हा एकूण आकडा वाढत गेला, आता 130 च्या आसपास धरतात. तोफवाल्यांचे किती गेले? दोन. आता विचार करा, त्या दिवशी संध्याकाळी हे गोलंदाज आपापल्या गल्लीत गेले असतील तेव्हा कोणाच्या डोळ्याला डोळा कसा दिला असेल.

मग या तोफा होत्या म्हणून गाव वाचलं की मेलं

या प्रकरणातला खरा वादाचा मुद्दा हा. जर्मनांचं म्हणणं सरळ, हार्टलपूल हे तटबंदीचं गाव, तिथे तोफा होत्या, त्यामुळे 1907 च्या हेग कराराप्रमाणे त्यावर मारा कायदेशीर. आणि कायद्याने ते बरोबर होतं. स्कारबरोला एकही तोफ नव्हती, तिथला मारा बेकायदा, म्हणूनच पुढे भरतीच्या पोस्टरवर आलं ते ‘स्कारबरो आठवा’. हार्टलपूलला माणसं कितीतरी जास्त मेली, पण लढलेलं गाव पोस्टरला चालत नाही, पोस्टरला निःशस्त्र गाव लागतं. हे मला फार खुपतं.

तोफा नसत्या तर? कोणी म्हणेल गोळे कमी पडले असते. मला पटत नाही, कारण गोदी, कारखाने, रेल्वे हे लक्ष्य होतंच, आणि स्कारबरोला तोफ नसूनही माणसं मेली. तोफा नसत्या तर जहाजं आणखी जवळ येऊन निवांत नेम धरून बसली असती. पण दुसऱ्या बाजूने, या तीन तोफांनी जर्मनांना पिटाळून लावलं असं जे अभिमानाने सांगतात तेही जास्तीचंच आहे. ती जहाजं वेळापत्रकाने आली होती, वेळापत्रकाने गेली, उशीर झाला असता तर ब्रिटिश ताफ्याच्या तोंडी गेली असती. तोफांनी केलं ते एवढंच की बेचाळीस मिनिटं त्या जहाजांचा बराचसा मारा स्वतःकडे ओढून ठेवला आणि त्यांची नऊ माणसं घेतली. सहा इंची तोफेने अशा मोठ्या युद्धनौकेसमोर याहून जास्त करायची अपेक्षा ठेवणं म्हणजे रिक्षाने राजधानी एक्सप्रेसला गाठण्यासारखं.

आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. याच्या तीनच महिने आधी, 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री एमडन नावाच्या एकट्या जर्मन क्रूझरने मद्रासवर गोळे टाकून तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि निघून गेली. तिथेही किनाऱ्यावर तोफा होत्या, थोडे गोळे टाकलेही, एमडनला ओरखडा आला नाही. मद्रासवर काही रूम फोर्टीची खबर आलेली नव्हती. हार्टलपूलची माणसं जास्त शूर होती असं नाही, ती उजाडायच्या आधी तोफेवर उभी होती. आदल्या रात्रीचा तो निरोप आला नसता तर पहिली दहा मिनिटं बूट शोधण्यात गेली असती आणि मग मी हे लिहायला बसलोच नसतो. हौशी लोकांची तालीम कितीही पक्की असो, ती सुरू करायला कोणीतरी वेळेवर उठवावं लागतं.

मग प्रश्न उरतो तो गावाच्या बाबतीतला. तोफवाल्यांना उठवलं, गावाला नाही उठवलं. नुसतं इतकं जरी ठरवलेलं असतं की तोफा सुरू झाल्या तर रस्त्यावर यायचं नाही, तळघरात जायचं, मुलांना शाळेत पाठवायचं नाही, तर किती वाचले असते कोण सांगणार, पण काही नक्की वाचले असते. 1914 ला नागरी संरक्षण असं काही नव्हतंच, शब्दच नव्हता. पन्नास वर्षं तोफ कशी चालवायची याची कवायत झाली, तोफ चालू झाल्यावर तिच्या मागे राहणाऱ्या माणसांनी काय करायचं याची एकदाही नाही.

नंतर

रॉबसनला डीएसओ हे अधिकाऱ्यांना देतात ते पदक मिळालं. मिलिटरी मेडल हे पदक मुळात 1916 ला सुरू झालं, तेव्हा त्या सकाळसाठी मागे जाऊन सार्जंट मॅलिन आणि बॉम्बार्डियर होप यांना ते दिलं गेलं. ब्लूखर पाच आठवड्यांनी, 24 जानेवारी 1915 ला, डॉगर बँकच्या लढाईत बुडाली, आणि त्याच लढाईत झायडलिट्झच्या मागच्या दोन बुरुजांना आग लागून दीडशेहून जास्त माणसं जळून मेली. हार्टलपूलच्या जखमांचा त्यात काही हात नव्हता, उगाच जोडू नये.

किनाऱ्यावरच्या अशा टेरिटोरियल तुकड्यांमधून पुढे फ्रान्ससाठी मोठ्या तोफांच्या, सीज बॅटऱ्या म्हणवणाऱ्या तुकड्या उभ्या राहिल्या, कारण जड तोफ हाताळणारी माणसं दुसरीकडे होतीच कुठे. हार्टलपूलच्या चौथऱ्यावर तोफा दुसऱ्या महायुद्धातही होत्या, विमानं आणि रॉकेटांच्या जमान्यात किनारी तोफखाना ही गोष्टच 1956 ला मोडीत काढली, आणि 2008 पासून तिथे म्युझियम आहे.

आणि ते दीपगृह. ब्लूखर ज्याच्या आड लपली तो मनोरा 1915 ला उतरवून टाकला, तोफेच्या आड येतो म्हणून. तोफ तिथे बसवली तेव्हापासून तो आड येत होता, कवायतीला आलेल्या प्रत्येक शनिवारच्या शिपायाला ते दिसत असणार. 1927 ला परत नवीन दीपगृह उभारलं, ते पोलादी.